ट्रॅक्टरची ताकद आणि टायरची रुंदी

(शेतकऱ्यांसाठीच्या नभोवाणी कार्यक्रमातील भाषण)



ट्रॅक्टर घ्यायचा म्हटले की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो. "किती एच.पी.चा?" गावात नवा ट्रॅक्टर आला की पारावर चर्चा होते तीही एच.पी.चीच. पण दुसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, आणि तो तितकाच महत्त्वाचा आहे. ही ताकद जमिनीला लावणार कोण? इंजिन काही जमिनीला टेकत नाही. टेकतात ती चाके. आणि मागच्या एका टायरचा जमिनीला टेकलेला भाग तरी केवढा? साधारण एका मोठ्या भाकरीएवढा. म्हणजे कर्ज काढून घेतलेल्या त्या इंजिनची सगळी ओढ दोन भाकरींएवढ्या जागेतून जमिनीत उतरायची असते.

तेव्हा आज आपण या दोन भाकरींचा विचार करू. एच.पी. जास्त असेल तर टायर रुंद हवाच का? टायर रुंद बसवला की ट्रॅक्टर जास्त ओढतो का? असे प्रश्न शेतकरी बंधू नेहमी विचारतात. थोडक्यात उत्तर असे की, टायरची रुंदी नुसत्या एच.पी.वर ठरत नाही. ती ठरते ओढीवर, चाकावरच्या वजनावर आणि खालच्या जमिनीवर. हे का, ते आता नीट समजून घेऊ.

अश्वशक्ती म्हणजे काय?

आपल्यातल्या वडीलधाऱ्यांनी मोट पाहिलेली आहे. ७५ किलो वजनाची मोट एका सेकंदात एक मीटर वर आली, तर त्या कामाला एक अश्वशक्ती लागली असे म्हणतात. यात दोन गोष्टी आहेत, बरं का. एक म्हणजे ओझे किती, आणि दुसरी म्हणजे ते किती वेगाने हलले. मोट दुप्पट जड केली आणि निम्म्या वेगाने ओढली, तरी अश्वशक्ती तेवढीच. म्हणून नुसते "चाळीस एच.पी." म्हटल्याने ओढ किती ते कळत नाही. वेग कमी तर ओढ जास्त, वेग जास्त तर ओढ कमी.

आता हाच हिशेब ट्रॅक्टरला लावू. समजा, आपला ट्रॅक्टर ४० एच.पी.चा आहे. गिअरमध्ये, दात्यांच्या घर्षणात आणि इतर ठिकाणी काही ताकद खर्च होते. चाकापर्यंत ३० एच.पी. पोचली असे धरू. ३० ला ७५ ने गुणले की २२५० होतात. नांगरटीला ट्रॅक्टर ताशी साडेचार किलोमीटर चालला, म्हणजे सेकंदाला सव्वा मीटर, तर २२५० भागिले सव्वा, म्हणजे १८०० किलोची ओढ इंजिन देऊ शकते. आकडा ऐकायला छान वाटतो. पण ही १८०० किलोंची ओढ टायर जमिनीत उतरवू शकतील का? खरी गोम इथे आहे.

सारखीच ताकद, वेगळे टायर

१९८३ साली आपल्या देशात मारुती ८०० ही छोटी मोटार आली. २०१४ साली तिचे उत्पादन थांबले, पण ती न पाहिलेला माणूस सापडायचा नाही. तिच्या नंतरच्या गाड्यांचे इंजिन ३७ एच.पी.च्या आसपास होते. म्हणजे आपल्या मध्यम ट्रॅक्टरच्या जवळपास. पण तिचे टायर होते १४५ मिलिमीटर रुंद, वितीपेक्षाही कमी. आणि तेवढ्याच ताकदीच्या ट्रॅक्टरचे मागचे टायर ३४५ मिलिमीटरच्या आसपास. असे का?

पुन्हा मोटेचा हिशेब लावा. मोटार ताशी ७२ किलोमीटर धावली, म्हणजे सेकंदाला २० मीटर. तिच्याही चाकांपर्यंत ३० एच.पी. पोचली असे धरले, तर २२५० भागिले २०, म्हणजे जेमतेम ११२ किलोचा रेटा. तोही कोरड्या, टणक डांबरी रस्त्यावर. अशा रस्त्यावर टायर आपल्यावरच्या वजनाच्या पाऊण पटीइतकी पकड सहज देतो. ११२ किलोला वीतभर टायर पुरून उरतो.

ट्रॅक्टरला मात्र त्याच ताकदीत १८०० किलोंचा रेटा द्यायचा, आणि तो नांगरलेल्या नाहीतर भुसभुशीत जमिनीवर! म्हणून ताकद सारखी असली तरी टायर सारखे नाहीत. शर्यतीच्या मोटारींचे टायर फार रुंद असतात, तेही त्यांना वळणावर आणि वेग वाढवताना जबरदस्त पकड लागते म्हणून. म्हणजे टायर नेहमी कामाकडे बघून ठरतो.

टायरवरचे आकडे वाचायला शिका

मागच्या टायरवर १३.६–२८ असे लिहिलेले असते. पहिला आकडा टायरची रुंदी इंचात सांगतो. दुसरा आकडा लोखंडी रिमचा व्यास, तोही इंचात. १३.६ इंच म्हणजे सुमारे ३४५ मिलिमीटर. हे माप मध्यम ट्रॅक्टरांना सर्रास दिसते. त्याखालचे माप १२.४–२८, वरचे १४.९–२८ आणि त्याहून मोठे १६.९–२८. मोठ्या ट्रॅक्टरना मोठे माप येते, कारण मोठा ट्रॅक्टर वजनालाही जड असतो आणि अवजारही मोठे ओढतो. रेडियल जातीच्या टायरवर आकडे मिलिमीटरमध्ये असतात. ३४०/८५ आर २८ असे दिसले तर ते १३.६ च्याच जागी बसणारे माप समजावे.

पकड कशातून येते?

दोन लोखंडी वस्तू एकमेकींवर घासल्या तर घर्षण मुख्यतः वजनावर अवलंबून असते, जागेच्या आकारावर नाही. पण मातीचे तसे नाही. टायरचे रबरी दात मातीत रुततात आणि मातीला मागे ढकलतात. माती जोवर तुटत नाही, तोवर ट्रॅक्टर पुढे जातो. माती तुटली की चाक जागच्या जागी फिरते, म्हणजेच स्लिप मारते. आता माती तुटू नये म्हणून काय करायचे, हे मातीच्या जातीवर अवलंबून आहे.

वाळूसर, मुरमाड जमिनीत कण सुटे असतात. त्यांना एकमेकांशी धरून ठेवते ते वरचे वजन. म्हणून अशा जमिनीत चाकावर वजन वाढवले तर पकड वाढते. नुसता टायर रुंद करून फारसे हाती लागत नाही. टायर रुतत असेल तेवढ्यापुरता मात्र रुंदीचा उपयोग होतो.

चिकण काळ्या जमिनीत मातीचे कण स्वतःच एकमेकांना चिकटलेले असतात. अशा मातीत टायर जितकी जास्त जागा धरील तितकी जास्त माती त्याच्या बाजूने उभी राहते. म्हणून काळ्या रानात, योग्य वाफशावर, टेकणारी जागा वाढवण्याचा फायदा दिसतो. पण वाफसा नसताना, ओल्या चिखलात टायरचे दात मातीने भरून जातात. मग रुंद काय आणि अरुंद काय, टायर नुसता गुळगुळीत रूळ होतो. तेव्हा टायर बदलू नका, दोन दिवस थांबा.

आपल्या मध्यम ट्रॅक्टरचे वजन १९०० किलो धरले, तर त्यातले सुमारे १२०० किलो मागच्या चाकांवर येते. अवजार ओढताना पुढचे काही वजन मागे सरकते. मागे १५०० किलो झाले असे धरा. शेतजमिनीत पकड वजनाच्या निम्म्याच्या आसपास मिळते. म्हणजे ७५० किलो. इंजिन म्हणते १८०० देतो, टायर म्हणतो माझ्याच्याने ७५० च्या पुढे नाही. उरलेली ताकद मग एक तर इंजिनात नुसती पडून राहते, नाहीतर चाक फिरवून माती उडवण्यात जाते. त्यावेळी ५० एच.पी.चे इंजिन असते तरी त्याच वजनात आणि त्याच टायरवर ओढ वाढली नसती.

मात्र रोटाव्हेटर, मळणीयंत्र, पंप अशी जी कामे पी.टी.ओ.च्या दांड्यावर चालतात, तिथे ताकद टायरमधून जात नाही. ती थेट दांड्यातून जाते. रोटाव्हेटर तर ट्रॅक्टरला उलट पुढे ढकलतो. ज्यांचे बहुतेक काम पी.टी.ओ.वर आहे, त्यांनी एच.पी. बघावी, टायरच्या रुंदीवर पैसा घालू नये.

रुंद टायरचा खरा फायदा हवेत आहे

आता एक महत्त्वाची गोष्ट सांगतो, ती नीट लक्षात घ्या. टायर जमिनीला किती जागा धरतो, हे ढोबळ मानाने दोन गोष्टींवर ठरते. चाकावर वजन किती आणि आत हवा किती. १४ पौंड हवा म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो दाब. एका चाकावर ६०० किलो वजन असेल, तर १४ पौंड हवेला टायर साधारण ६०० चौरस सेंटिमीटर जागा धरतो. हवा दुप्पट केली तर जागा निम्मी, ३०० च्या आसपास.

यात रुंदी कुठे आली? हवा तेवढीच ठेवून टायर रुंद बसवला, तर टेकणारी जागा फारशी बदलत नाही. फक्त आकार बदलतो. आधी लांबट होती, ती आता आखूड आणि रुंद होते. भाकरीचा गोळा तेवढाच, थापली वेगळी. मग फायदा कसला? तर रुंद टायरमध्ये हवा मावायला जागा जास्त, म्हणून तेच वजन तो कमी हवेवर पेलू शकतो. हवा कमी केली की जागा वाढते, आणि जागा वाढली की पकड वाढते. म्हणजे हजारो रुपये घालून रुंद टायर बसवायचे आणि हवा जुन्या टायरइतकीच भरायची, तर खर्चाचा मोठा भाग वाया गेला म्हणून समजा.

याची दुसरी बाजू अशी की, आज तुमच्याकडे जो टायर आहे त्यात हवा बरोबर ठेवली, तरी बिनपैशाने पुष्कळ काम होते. रस्त्यावर ट्रॉली ओढताना भरलेली कडक हवा घेऊनच आपण रानात उतरतो आणि मग म्हणतो, ट्रॅक्टर ओढत नाही! शेतातल्या कामाला मागच्या टायरमध्ये बहुधा १२ ते १४ पौंडांच्या आसपास हवा पुरते. नेमका आकडा तुमच्या ट्रॅक्टरच्या पुस्तकात आणि टायर कंपनीच्या तक्त्यात वजनाप्रमाणे दिलेला असतो, तोच पाळावा. त्याच्या खाली जाऊ नये. हवा फार कमी झाली तर टायरच्या बाजू मोडतात, टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह तुटतो. हवा अंदाजाने, लाथ मारून तपासू नका. मोजणीचा गेज घरी ठेवा. त्याची किंमत एका पंक्चरच्या खर्चापेक्षा फार नाही.

पूर्वी ट्रॅक्टरला लोखंडी चाके असत. अमेरिकेत १९३२ साली अ‍ॅलिस-चाल्मर्स कंपनीच्या ट्रॅक्टरवर हवेचे टायर बसवून विक्री सुरू झाली. रबरी टायर शेतात टिकतील का, अशी तेव्हा लोकांना शंका होती. ते टिकले, कारण कमी हवेवर ते जमिनीला पसरून धरतात आणि दाणकन आपटत नाहीत. हवेच्या टायरचा सगळा गुण हवेत आहे, तो आपण जादा हवा भरून घालवू नये.

घसरण स्वतः मोजा

टायर बरोबर आहेत की नाहीत हे कुणाला विचारायची गरज नाही. दहा मिनिटांत स्वतः मोजता येते. मागच्या टायरच्या बाजूवर खडूने एक ठळक रेघ ओढा. रानात अवजार वर उचलून, नेहमीच्या गिअरमध्ये ट्रॅक्टर चालवा. चाकाचे दहा फेरे होईपर्यंत किती मीटर गेला ते मोजा. समजा ४० मीटर झाले. आता त्याच रानात अवजार जमिनीत घालून पुन्हा दहा फेरे मोजा. समजा ३५ मीटर झाले. पाच मीटर कमी पडले. चाळिसात पाच, म्हणजे शंभरात साडेबारा. ही झाली साडेबारा टक्के घसरण.

नांगरटीत दहा ते पंधरा टक्के घसरण योग्य समजावी. घट्ट रानात ती थोडी कमी असते. पंधराच्या बरीच वर गेली तर डिझेल, वेळ आणि टायर तिन्ही झिजतात. किती झिजतात ते पाहा. दहा टक्के घसरणीला जे काम नऊ तासांत होते, तेच तीस टक्के घसरणीला सुमारे साडेअकरा तासांवर जाते. भाड्याने ट्रॅक्टर लावणाऱ्याने तर हा हिशेब पाठच करावा.

मोजमाप करायचे नसेल तर चाकाचा माग बघा. रबरी दातांचे ठसे अगदी साच्यातून काढल्यासारखे स्वच्छ असतील, तर घसरण फार कमी आहे, म्हणजे ट्रॅक्टरवर गरजेपेक्षा जास्त वजन आहे. ठसे पार पुसले गेले असतील तर घसरण फार आहे. मधले ठसे थोडे मोडलेले आणि कडेचे स्पष्ट असले, की काम बरोबर चालले आहे असे समजा.

घसरण जास्त निघाली तर काय करावे?

लगेच रुंद टायरच्या दुकानात जाऊ नये. पुढच्या क्रमाने उपाय करावेत.

पहिला उपाय, हवा तपासावी. दुसरा, टायरचे दात झिजले आहेत का आणि टायर उलटा तर बसवला नाही ना, हे बघावे. टायरवर बाण असतो. तो पुढे जाताना चाक फिरते त्या दिशेला हवा. तिसरा उपाय, नांगराची खोली किंवा रुंदी थोडी कमी करून एक गिअर वर चालवावे. ओढ कमी, वेग जास्त, म्हणजे इंजिनची तीच ताकद टायरला झेपेल अशा रीतीने वापरली जाते. चौथा, हायड्रॉलिकचा ड्राफ्ट कंट्रोल वापरावा. हॅरी फर्ग्युसन यांनी १९३० नंतरच्या दशकात जी तीन सांध्यांची पद्धत रूढ केली, तिचा मोठा गुण हाच की अवजाराचे आणि ओढीचे काही वजन मागच्या चाकांवर येते. आज बहुतेक ट्रॅक्टरना ही सोय असते, पण पुष्कळ ठिकाणी तो दांडा वर्षानुवर्षे कुणी हलवतच नाही.

पाचवा उपाय वजन वाढवण्याचा. मागच्या चाकांना लोखंडी वजने लावता येतात किंवा टायरमध्ये पाणी भरता येते. पाणी भरताना व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणून त्या पातळीपर्यंतच भरावे, म्हणजे टायर सुमारे पाऊण भरतो. वरची जागा हवेला राहिलीच पाहिजे. दोन्ही टायरांत पाणी सारखे असावे. टायरच्या मापाप्रमाणे एका चाकावर शंभर ते दोनशे किलो वजन यामुळे वाढते. पण जड काम संपले की हे वजन काढा. पेरणीला, कोळपणीला ते कशाला वाहायचे? ते ओझे वाहण्यात डिझेल जाते आणि जमीनही दबते.

इथे एक इशारा देतो. चाक घसरते ही एका परीने ट्रॅक्टरची सुटका असते. पकड फार वाढवली आणि ओढ झेपेना, तर क्लच, गिअर नाहीतर मागचा दांडा तुटतो. कधी पुढची चाके उचलून ट्रॅक्टर मागे उलटतो आणि माणूस दगावतो. म्हणून ओझ्याची साखळी नेहमी खालच्या ड्रॉबारलाच अडकवावी. मागच्या आसाला किंवा वरच्या सांध्याला कधीही बांधू नये. आणि पुढची चाके हलकी वाटू लागली तर पुढे वजन लावावे.

रुंद टायर कोठे नको?

रुंद टायर सगळीकडे चांगलाच, असे नाही. कपाशी, तूर, भुईमूग अशा पिकांत दोन ओळींमधून ट्रॅक्टर न्यायचा असेल, तर अरुंद टायरच हवा. नाहीतर कोळपणी होते आणि ओळही तुडवली जाते. द्राक्षबागेत आणि फळबागेतही तसेच. पलटी नांगराने नांगरताना एका बाजूची चाके तासातून चालतात. टायर तासापेक्षा रुंद असेल, तर तो नुकतीच नांगरलेली माती पुन्हा दाबतो. म्हणजे एका हाताने नांगरायचे आणि दुसऱ्या हाताने घट्ट करायचे. भाताच्या चिखलणीला तर टायरच्या रुंदीपेक्षा लोखंडी जाळीची चाकेच उपयोगी.

टायरचे माप बदलताना रिमची रुंदीही त्या टायरला योग्य हवी. टायर उंचीनेही वाढला तर ट्रॅक्टरचा वेग वाढतो आणि ओढ कमी होते, हे लक्षात ठेवा. चारही चाकांना गती असलेल्या ट्रॅक्टरमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांच्या फेऱ्यांचा मेळ कारखान्यात घातलेला असतो. तिथे फक्त मागचे टायर मोठे बसवले की तो मेळ बिघडतो, टायर लवकर झिजतात आणि गिअरवर ताण येतो. अशा ट्रॅक्टरचे माप कंपनीच्या तक्त्याबाहेर बदलूच नये.

जमिनीचेही ऐका

बंधूंनो, ट्रॅक्टर दहा-पंधरा वर्षांत बदलता येतो. जमीन बदलता येत नाही. वरची वीतभर माती किती दबते हे टायरच्या दाबावर ठरते, म्हणजे हवेवर. तिथे कमी हवेचा रुंद टायर नक्की उपयोगी पडतो. पण खोलवरची माती दबते ती एकूण वजनाने. एका आसावर जितके जास्त वजन, तितका दाब खोल जातो. तिथे रुंद टायर फारसे वाचवू शकत नाही. खाली घट्ट थर बसला की पाणी मुरत नाही, तूर-कपाशीची मुळे आडवी वळतात आणि पावसाने ओढ दिली की पीक आधी तिथेच माना टाकते.

ऊसतोडीच्या हंगामात ओल्या रानात भरलेली ट्रॉली आणतात, ते नुकसान ट्रॅक्टरपेक्षाही मोठे असते. ट्रॉलीचे टायर अरुंद, हवा कडक आणि वर टनावारी ऊस. पूर्वी लाकडी गाडीची अरुंद लोखंडी धाव चाकोरी पाडत असे, तसाच हा प्रकार, फक्त वजन कितीतरी पट. शक्य तिथे ट्रॉली बांधावर किंवा रस्त्याला लावा आणि आत आणायचीच तर ठरलेल्या एकाच वाटेने आणा. माती बहुतांशी पहिल्याच फेरीत दबते. म्हणून सगळे रान थोडे थोडे दाबण्यापेक्षा एक वाट बिघडलेली बरी.

एवढे ध्यानात ठेवा

१. टायर एच.पी.कडे बघून नव्हे, काम, वजन आणि जमीन बघून ठरवावा.

२. संथ, जड ओढीला टायरची पकड आणि वजन महत्त्वाचे. पी.टी.ओ.च्या कामाला एच.पी. महत्त्वाची.

३. रानात उतरताना हवा तक्त्याप्रमाणे कमी करा, रस्त्यावर जाताना पुन्हा वाढवा.

४. वर्षातून एकदा तरी दहा फेऱ्यांची घसरण मोजा. दहा ते पंधरा टक्के ठीक.

५. वाळूसर जमिनीत वजन, काळ्या जमिनीत टेकणारी जागा, आणि चिखलात धीर कामाला येतो.

६. रुंद टायर घेतलाच, तर रिम, ओळींचे अंतर आणि तास यांचा मेळ पाहूनच घ्या, आणि हवा कमी करायला विसरू नका.

७. ओझे ड्रॉबारलाच अडकवा. वाफसा आल्याशिवाय जड ट्रॅक्टर किंवा ट्रॉली रानात घालू नका.

नव्या ट्रॅक्टरचा विचार करीत असाल, तर विक्रेत्याला एच.पी.बरोबर आणखी तीन गोष्टी विचारा. ट्रॅक्टरचे वजन किती, मागच्या टायरचे माप काय, आणि माझ्या नांगराला शेतात किती हवा ठेवायची? या तीन प्रश्नांची सरळ उत्तरे मिळाली, की वीस-पंचवीस टक्के जादा ताकदीचा ट्रॅक्टर घेऊन जादा हप्ता भरायची खरोखर गरज आहे का, हे तुमचे तुम्हालाच ठरवता येईल. आणि ट्रॅक्टर दारात असेल, तर या हंगामात नांगर जोडण्याआधी खडू आणि मोजपट्टी घेऊन एकदा रानात जा. दहा फेरे मोजा आणि आलेला आकडा हिशेबाच्या वहीत लिहून ठेवा.